सुट्टीतली चूल कोणी पेटवायची?

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. जुळे सोलापुरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच माणसं राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आठ वर्षांची लेक. हे टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात, मी एका खासगी शाळेत शिकवते. येत्या डिसेंबरात लग्नाला दहा वर्षं होतील. ह्यांनी आपणहून महाबळेश्वरचं हॉटेल बघायला घेतलंय, त्याचा आनंद आहेच. पण माझ्या मनात वेगळंच आहे. मी मोबाइलवर इंग्लंडातल्या खेड्यांमधली छोटी दगडी घरं बघत असते. जोडपी तिथं जाऊन राहतात, आपलं आपण रांधतात, फिरतात. दाराशी वेटर नाही, शेजारच्या खोलीत कुणी नाही. तसं काही सोलापूरच्या आसपास शेतात मिळालं तर दोन दिवस आम्ही दोघांनीच राहावं असं फार वाटतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "भाकऱ्याच थापायच्या तर घरी काय वाईट आहे?" सासूबाईंच्या कानावर गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस गप्प गप्प होत्या. आणि खरं सांगू का, भीती मलाही वाटते. तिथं जाऊन मीच शेगडीपाशी उभी राहीन आणि हे खाटेवर मोबाइल बघत पडतील. मग हे खूळ डोक्यातून काढून टाकू का? आणि जायचंच तर कुठं, कधी, काय बघून जायचं?

एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझी धाकटी जाऊ तुझ्याच वयाची आहे.

खूळ काढून टाकू नकोस. जा. फक्त तुझ्या पत्रातलं शेवटून तिसरं-चौथं वाक्य, ते शेगडीपाशी उभं राहण्याचं, त्याचा निकाल घरातून निघायच्या आधी लागला पाहिजे. जागा, तारीख, पैसे हे सगळं त्याच्या नंतर. पुष्कळ जणी उलटं करतात. आधी जागा ठरवतात, पिशव्या भरतात आणि चुलीचं काय ते तिथं गेल्यावर बघू म्हणतात. तिथं गेल्यावर काय होतं ते मी स्वतः बघितलंय.

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मोहोळ तालुक्यात ओळखीच्यांची वस्ती होती, दोन खोल्या, पडवी आणि समोर ज्वारी. मालक मंडळी आठवडाभर गावाला जाणार होती, त्यांनी किल्ली दिली. मी इतकी हरखले की आदल्या रात्री बसून सगळी तयारी केली. काळं तिखट, डाळी, पीठ, गूळ, तेल, सगळं पुड्या बांधून. पोचलो, मी पदर खोचला आणि चहा टाकला. मग पोहे. मग आमटी-भाकरी. मग भांडी. मग दुपारचा चहा. संध्याकाळी पुन्हा पीठ मळायला बसले तेव्हा समोर सूर्य बुडत होता, ज्वारीवरून वारं येत होतं आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नवरा धावत आला, म्हणाला, "धूर लागला का?" त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याचा दोषही मी पुरता धरत नाही, कारण त्याला एक शब्दही न विचारता अकरा वर्षांची सवय मी घरून उचलून तिथं नेली होती. त्या रात्री आम्ही पुष्कळ बोललो. दुसऱ्या दिवशी पिठलं त्यानं केलं. गुठळ्या झाल्या होत्या, मीठ कमी होतं, आणि आम्ही दोघांनी कढई पुसून खाल्ली. ते दोन दिवस मला आठवतात ते त्या दुसऱ्या दिवसामुळे.

म्हणून ह्यांचा प्रश्न तू टोमणा म्हणून घेऊ नकोस. "घरी काय वाईट आहे?" हा चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुझ्यापाशी असायला हवं. घरी तू पाच जणांचं करतेस. सासऱ्यांना मऊ, लेकीला बिनतिखटाचं, डबे सकाळी सातच्या आत. त्यात तुझ्या हातांना घाई असते आणि ह्यांच्या हातांना कामच नसतं. शेतातल्या त्या खोलीत फक्त दोघांचं करायचं, भूक लागेल तेव्हा करायचं, आणि एकानं कांदा चिरायचा तर दुसऱ्यानं फोडणी बघायची. एकमेकांच्या हाताखाली काम करताना नवरा-बायको जे बोलतात ते हॉटेलच्या टेबलावर समोरासमोर बसून बोलता येत नाही. हात गुंतलेले असले की जीभ सैल होते. मला विचारशील तर अशा मुक्कामात मोलाचं आहे ते हेच.

ते इंग्लंडातल्या घरांचं बघ. तिकडं लेक डिस्ट्रिक्ट, कॉट्सवोल्ड्स अशा भागांत ही घरं भाड्यानं मिळतात, 'सेल्फ केटरिंग' म्हणतात त्याला. घर, भांडी, शेगडी, अंथरूण-पांघरूण मालकाचं, रांधणं-खाणं पाहुण्याचं. जुनी रीत आठवड्याची. शनिवारी दुपारी किल्ली घ्यायची, पुढच्या शनिवारी सकाळी परत द्यायची. पुष्कळ मालक टेबलावर दूध, पाव, लोणी, चहापत्ती ठेवून जातात, म्हणजे आल्या आल्या पाहुण्याला दुकान शोधत हिंडायला नको. आपल्याला आठवडा कुठला मिळायला? पण पोचल्यावरचा पहिला चहा तयार सामानातून व्हावा, ही गोष्ट उचलण्यासारखी आहे. मालकिणीला आदल्या दिवशी फोन करून अर्धा लिटर दूध ठेवायला सांग. आणि तो पहिला चहा ह्यांना करू दे.

आता करार. हसू नकोस, वहीच्या पानावर दोघांनी बसून लिहाच. दोन रात्रींत पाच-सहा वेळा खाणं होतं. कुठलं कुणाचं, आणि भांडी कुणाची. भांड्यांचं विशेष करून लिही, कारण हौसेनं रांधणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत, खरकटी कढई घासणारे थोडे. पहिल्या संध्याकाळी कुणीच काही करायचं नाही. आपण सोलापूरची माणसं, आपल्याला त्याची काय अडचण? कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा आणि कारळाची चटणी असली तर तीही. कडक भाकरी महिना-महिना टिकते, तिला ना तवा लागतो ना ताट. अंगणात बाज टाकून मांडीवर कागद घ्या आणि खा.

दुसऱ्या दिवशी दुपारचं पिठलं ह्यांचं. भाकरी तुला थापायला आवडत असेल तर तू थाप, आवडत नसेल तर कडक भाकरी आहेच, नाहीतर शेजारच्या वस्तीवरून पैसे देऊन चार भाकऱ्या आणा. त्यात कमीपणा काही नाही. मात्र पीठ नेणार असशील तर निघायच्या आदल्या दिवशी दळून आण. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना फाटते, आणि परक्या तव्यावर, परक्या चुलीवर फाटलेली भाकरी माणसाला रडवते. विरी कमी वाटली तर उकळत्या पाण्यात पीठ भिजव. मंगळवेढ्याची ज्वारी मिळाली तर उत्तम. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते नंतर, आपल्या आज्यांना तिची चव त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. रात्री वांगी चुलीच्या निखाऱ्यात टाका, भरीत करा. सोबत भात. एवढं पुरे. शेंगापोळ्या, शेंगोळे, धपाटे असलं काहीही यादीत घालू नकोस. तुझा हात चालतो म्हणून तू घालशील, मला माहीत आहे.

ह्यांना पिठलं येत नसेल तर शिकवायचं कुणी? तू नव्हे. सासूबाईंनी.

हे मी नीट विचार करून सांगते आहे. तुझ्या सासूबाई दोन दिवस गप्प राहिल्या त्याचा अर्थ तू राग असा लावलास. असेल राग. पण त्यांच्या पिढीतल्या किती बायका नवऱ्याबरोबर दोघंच अशा कुठं राहिल्या असतील? त्या गप्प बसण्यात स्वतःचं काही आठवणं असू शकतं, किंवा 'आमच्यात राहून ह्यांना कोंडतं का' अशी बोचही असू शकते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा बोलणं बरं, आणि बोलायचं ते तुझ्या नवऱ्यानं, कारण आई त्याची आहे. अमुक दिवशी जातोय, अमुक गावात आहोत, हा मालकाचा नंबर, लेकीला शाळेत आजोबा सोडतील, तिसऱ्या दिवशी घरी. परवानगी मागतोय असा सूर नको आणि लपवालपवी तर मुळीच नको. "पंढरपूरला जाऊन येतो" असं सांगून शेतावर राहणारी जोडपी मला ठाऊक आहेत. दोन्ही दिवस त्यांचा जीव फोनकडे लागलेला असतो. मग त्याच बोलण्यात त्यानं म्हणावं, "आई, मला पिठलं शिकव, तिथं मी करणार आहे." तुझ्या सासूबाईंनी आधी हसून घेतलं तर हसू दे. एका रविवारी त्या लेकाला बेसन कालवायला, फोडणी बसली की आच कमी करायला शिकवतील. त्या सुट्टीत त्यांचाही हात लागेल.

लेकीलाही खरं सांग. आठ वर्षांच्या मुलीला "आई-बाबा दोन दिवस फिरायला चाललेत, तू आजी-आजोबांकडे" हे पूर्ण समजतं. तिच्यासाठी पुढच्या महिन्यात हुरड्याला सगळ्यांनी जायचं ठरवून टाक, म्हणजे तिला सोडून गेलो असं तुझ्याच मनाला लागणार नाही.

आता तारीख. वाढदिवस लग्नाचा डिसेंबरात आहे, पण नेमक्या त्याच दिवसाचा हट्ट धरू नकोस. तुझ्या शाळेत स्नेहसंमेलनाची धांदल तेव्हाच असणार. आपल्याकडं पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरची, त्यामुळे ज्वारीचा दाणा दुधातून हुरड्यावर येतो तो डिसेंबरच्या अखेरीस, आणि खरी बहार जानेवारीत. तरी संक्रांतीचे चार-पाच दिवस सोड. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, घरी पाहुणे येतात, त्यांना सासूबाईंच्या गळ्यात टाकून तू जाशील तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. आणि भोगीच्या दिवशीचा अक्षता सोहळा तुम्ही दोघांनी बघावा असंही मला वाटतं. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लावतात, सगळं शहर त्या लग्नाचं वऱ्हाडी असतं, नंदीध्वजांपुढे अक्षता टाकताना प्रत्येक जोडप्याला आपलं लग्न आठवतं. तो सोहळा झाला, घरात तिळाच्या भाकरी आणि भोगीची भाजी झाली, पाहुणे परतले, की त्यानंतरच्या आठवड्यात निघा. थंडी असते, आभाळ स्वच्छ असतं.

शनिवार-रविवार मात्र टाळ. दोघांनी रजा टाका आणि मंगळवार ते गुरुवार धरा. हुरड्याच्या दिवसांत रविवारी शेताशेतांत पार्ट्या असतात. चाळीस-पन्नास माणसं, स्पीकर, रस्सीखेच. सगळ्यांनी मिळून मजा करायला ते छानच आहे, पण तुला जे हवंय ते तिथं मिळणार नाही. आम्ही पुढे एकदा असेच फसलो होतो. फोटोत एकटी खोली आणि भोवती शेत दिसत होतं, म्हणून पैसे भरले. गेलो तर खोलीमागं मांडव आणि रात्री बारापर्यंत गाणी. मालक म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही." खरं होतं, आम्ही विचारलं नव्हतं. म्हणून तू विचार. त्या दोन दिवसांत दुसरी कुणाची बुकिंग आहे का, आवारात आणखी किती खोल्या आहेत, मालकाचं कुटुंब कुठं राहतं. मालकाचं घर हाकेच्या अंतरावर असावं, अंगणात नसावं. अगदी निर्जन जागाही नको, रात्री अडलं-नडलं तर माणूस लागतं.

जागा कुठं बघायची? महाबळेश्वर मनातून काढ. दोन दिवसांतले निम्मे तास रस्त्यात जातील. सोलापुरापासून तास-सव्वा तासाच्या आत बघ. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. तिथं द्राक्षांचे मळे आहेत आणि १९७९ साली झालेलं माळढोकचं अभयारण्यही. माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, ते बिचारे मोजकेच उरलेत. पण सकाळच्या उन्हात पिवळ्या गवतावर काळवीट उभं असलेलं बघितलं की माणूस आपोआप आवाज खाली करतो. वनखात्याच्या लोकांना विचारूनच आत जा. द्राक्षमळ्यात खोली घेतलीस तर फवारणीचा दिवस कुठला ते आधी विचार. जानेवारीत घड लागलेले असतात, फवारण्या चालू असतात, तो वास डोक्यात जातो. मोहोळ, मंगळवेढा या बाजूला ज्वारीची मोकळी रानं आहेत, आणि मला स्वतःला द्राक्षापेक्षा ज्वारीत राहणं आवडतं. उजनीचं पाणी सुंदरच, हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात, ताजी मासळी मिळते. पण करमाळ्याच्या बाजूचा तो काठ तुमच्या पहिल्या खेपेला लांब पडेल. पुढच्या वर्षी.

राज्य सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. त्याप्रमाणे अशा केंद्रांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. नोंदणी आहे का हे विचार. नुसती नोंदणी बघून जाऊ नकोस, तरी असलेली बरी. पण अनोळखी ठिकाणापेक्षा ओळखीतून मिळालेली साधी वस्ती मला केव्हाही चालेल. तुझ्या शाळेतल्या शिपायापासून ह्यांच्या कारखान्यातल्या कामगारापर्यंत निम्म्या लोकांचं गावाकडं रान आहे. शब्द टाकून बघ. भाडं मात्र ठरवून द्या, फुकट राहू नका. फुकटात राहिलं की मालकिणीनं डबा पाठवणं आलं, गप्पांना बसणं आलं, आणि तुमचे दोन दिवस पाहुणचारात गेले.

शक्य असेल तर ह्यांनी आधी एकदा गाडीवर जाऊन खोली बघून यावी. गेल्यावर गॅसची शेगडी पेटवून बघायची, सिलिंडर हलवून बघायचा. तवा, कढई, दोन पातेली, सांडशी, विळी, चहाची गाळणी आहे का. पाण्याची टाकी कधी भरतात, कारण शेतातल्या मोटारीला थ्री फेज लाइट लागते आणि ती ठरल्या वेळीच येते, कधी मध्यरात्री. संडास-न्हाणीघर खोलीला जोडून आहे की अंगण ओलांडून. गरम पाण्याला बंब आहे का. खिडक्यांना पडदे, दाराला आतून मजबूत कडी. दोघांची आधार कार्डं बरोबर ठेवा, मागितली तर पंचाईत नको.

एका गोष्टीत मात्र हयगय करू नका. आपल्याकडं रानात नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी साप आहेत. थंडीत ते कमी बाहेर पडतात, पण नसतात असं नाही. जमिनीवर अंथरूण घालू नका, खाट घ्या, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. मण्यार रात्रीच फिरते आणि खाली झोपलेल्या माणसाला चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. अंधारात बॅटरीशिवाय आणि पायांत बूट-चपलेशिवाय पाऊल टाकू नका. सरपणात, कडब्याच्या गंजीत थेट हात घालू नका. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं ते मालकाला विचारून ठेवा, १०८ नंबर लक्षात ठेवा. असं काही झालंच तर मांत्रिक, ब्लेड, दोरी बांधणं काही नाही, सरळ दवाखाना. एवढं सांभाळलं की भीती मनात धरून बसायचं कारण नाही. रात्री लांबून माणसं ओरडल्याचा, फटाका फुटल्याचा आवाज आला तर घाबरू नकोस. रानडुकरं पिकात घुसतात म्हणून राखणीवाले हाकारे देत असतात.

घरून दोन सोलापुरी चादरी जास्तीच्या ने. एक पांघरायला, एक अंगणातल्या बाजेवर. जानेवारीत रात्री आठच्या सुमाराला पूर्वेला मृग वर आलेला असतो, त्याच्या पोटातले बाणाचे तीन तारे सहज ओळखू येतात, त्यांच्या रेषेत खाली लखलखणारा व्याध, आणि वर डोक्याकडे रोहिणी आणि कृत्तिकांचा झुबका. जुळे सोलापुरातून हे दिसत नाही. अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडलेस तर आणखी छान दिसेल.

तू पत्रात लिहिलं नाहीस, पण दोन खोल्यांत पाच माणसं म्हटल्यावर मला समजतं. लेक मधे झोपत असणार. दहा वर्षांत तुम्ही दोघं दार लावून निवांत बोललाही नसाल. म्हणून त्या दोन रात्रींवर फार मोठं ओझं टाकू नकोस. पहिल्या संध्याकाळी अवघडल्यासारखं होईल. काय बोलावं सुचणार नाही, मग गाडी लेकीच्या फीवर, फ्लॅटच्या हप्त्यावर, नणंदेच्या मुलाच्या मुंजीवर येईल. येऊ दे. तास-दोन तासांत घरचं बोलणं आपोआप संपतं, मग थोडी शांतता होते. ती शांतता भरून काढायला मोबाइल घेऊ नका. त्यासाठीही करार करा. रोज संध्याकाळी सहा वाजता घरी एक फोन, लेकीशी बोलायचं, मग दोन्ही फोन एका डब्यात. त्या शांततेनंतर जे बोलणं निघतं त्यासाठीच तू एवढा आटापिटा करते आहेस. आणि नुसतं शेजारी पडून आभाळ बघत झोप लागली तरी चालेल. दोघंही थकलेले आहात.

मधल्या दिवशी दुपारी कुठं जावंसं वाटलं, आणि मुक्काम दक्षिणेकडं असला, तर हत्तरसंग कुडलला जा. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं. ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग तिथलंच. संगमेश्वराच्या मंदिरातल्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा लेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एक. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलंय की जो हे वाचील तो विजयी होईल. वर मान करून दोघांनी मिळून अक्षरं लावायचा प्रयत्न करा. नंतर संगमावर बसून घरून नेलेले शेंगदाणे-गूळ खा आणि अंधाराच्या आत वस्तीवर परत या.

आगटीबद्दल मालकाला आधी सांगून ठेव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात छोटा खड्डा करून गोवऱ्या पेटवून देतील. निखारे फुलले की कणसं त्यात खुपसायची आणि फिरवत राहायचं. हे काम ह्यांना दे, आणि गरम कणीस हातावर चोळून दाणे पाडायचं तू घे, किंवा उलटं करा. तळव्यांना चटका बसतो, फुंकर मारावी लागते, कूस उडते. गुळभेंडीचा किंवा सुरतीचा हुरडा असेल तर दाणा लुसलुशीत आणि गोड लागतो, सोबत शेंगाची चटणी आणि दही. त्या रात्री भरीत-भाताचा बेत रद्द झाला तरी करार मोडला असं समजू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या अगदी आधी मालकाकडून घरच्यांसाठी दहा-पंधरा कणसं मोडून घे, पैसे देऊन. आदल्या दिवशी घेऊन ठेवू नकोस, हुरडा ताजाच खायचा असतो, ठेवला की दाणा कडक होत जातो. ओल्या फडक्यात गुंडाळ, गाडीवर उन्हात ठेवू नकोस. घरी आगटी नाही, पण गॅसवर जाळी ठेवून कणसं भाजता येतात. सासूबाईंना ओट्यापाशी खुर्ची टाकून दे आणि भाजायला ह्यांना उभं कर.